जुना संगणक भंगारात का नाही, आणि नवा घेताना काय पाहावे





मागच्या पालक सभेत फी आणि बसच्या वेळा यांपेक्षा जास्त बोलणे झाले ते संगणकावर. विश्वस्त मंडळाचा प्रश्न होता की प्रयोगशाळेतले २२ संगणक आता भंगारात काढायचे का. एका आईचा प्रश्न होता की घरच्या संगणकावर सुरक्षा अपडेट संपल्याची सूचना येते, तर त्यावर बँकेचे काम करावे की नाही. तिसरा प्रश्न सभेत कोणी विचारला नाही. सभा संपल्यावर नववीतल्या एका मुलाचे वडील दाराशी थांबले आणि खिशातून एक घडी केलेले कोटेशन काढून म्हणाले, "मॅडम, जरा बघून देता का? पोराला कंप्यूटर घ्यायचा आहे. अभ्यासासाठीच. पतपेढीतून कर्ज काढतोय."

कोटेशन ६२,००० रुपयांचे होते. आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११, काचेचा कॅबिनेट आणि त्यात रंग बदलणारे दिवे. हे गृहस्थ सांवेर रोडवर एका कारखान्यात नोकरीला आहेत. ६२,००० ही त्यांच्यासाठी लहान रक्कम नाही. मी कागद ठेवून घेतला आणि "दोन दिवस द्या" म्हटले.

खरे सांगायचे तर त्या वेळी मला त्यातले निम्मेही समजत नव्हते. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. मराठी घरची, विज्ञान हिंदीतले, आणि संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो तिशीत, शाळेच्याच कार्यालयात. तेव्हा लेखात कुठे हिंदी वळणाचे वाक्य आले तर सांभाळून घ्यावे. पण गेले तीन महिने आमचे संगणक शिक्षक, आठवीची मुले आणि मी या कामाला लागलो होतो. त्यातून जे समजले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे असे वाटले, म्हणून या अंकात लिहीत आहे.

आधी त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर. विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने तिचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. तो पूर्वीसारखाच चालतो. फरक एवढाच की घराचे कुलूप तेच राहिले, पण उद्या त्याची किल्ली चोरांच्या हाती लागली तर कुलूप बदलून मिळणार नाही. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची सोय जाहीर झाली, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नाव नोंदवावे लागते. नोंद केली नसेल तर बँकेचे व्यवहार त्या संगणकावर करू नयेत. मुलांनी निबंध टाइप करायला हरकत नाही.

मग सरळ विंडोज ११ का टाकू नये? कारण ती सगळ्यांना आत घेत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा लागतो. आमच्या प्रयोगशाळेतले संगणक २०१४ चे, चौथ्या पिढीचे. एका विक्रेत्याने "जबरदस्तीने टाकून देतो, कोणाला कळणार नाही" असेही सुचवले. तसे टाकता येते हे खरे आहे. पण अशा संगणकाला पुढे अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या कारणासाठी बदल करायचा तेच कारण उरत नाही, मग काय उपयोग?

आता २२ संगणकांकडे येते. ते हळू झाले होते हे सगळ्यांना माहीत आहे. पहिला तास संगणकाचा असला की मुले बटण दाबून पाणी प्यायला जायची आणि परत आली तरी पडदा फिरतच असायचा. सर्वांचे मत एकच होते: मशीन म्हातारे झाले. पण म्हातारा झाला तो नेमका कोणता अवयव, हे कोणी पाहिले नव्हते. संगणक शिक्षकांनी सुचवले की मुलांनाच मोजू द्या. भौतिकशास्त्राच्या कपाटातले स्टॉपवॉच आणले. बटण दाबल्यापासून माउस खरोखर ऐकू लागेपर्यंत वेळ लागला ४ मिनिटे १२ सेकंद. मी तो आकडा लगेच वहीत लिहायला निघाले तर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, एकदाच मोजून कसं चालेल? सरासरी काढायला पाहिजे ना." तिचे बरोबर होते. तीनदा मोजले, फार फरक पडला नाही.

मग बाहेरच्या दुरुस्तीवाल्याच्या सल्ल्याप्रमाणे रॅम ४ जीबीची ८ जीबी केली. वेळ आली ३ मिनिटे ५५ सेकंद. सगळ्यांची निराशा झाली. रॅम पुन्हा ४ वर आणली आणि या वेळी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली. ४१ सेकंद! मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्या वर्गातून बाई बघायला आल्या. शेवटी दोन्ही बदल एकत्र केले तेव्हा ३८ सेकंद लागले.

असे का व्हावे ते समजून घ्यायला स्वयंपाकघर बरे पडते. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. (आमच्या घरी रविवारी बाप्या असतो, पण ते असो.) रॅम म्हणजे ओटा, हाताशी जेवढे मांडून ठेवता येईल तेवढे. आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली, जिथे सगळा माल भरलेला आहे. सकाळी संगणक सुरू होतो तेव्हा ओटा रिकामा असतो आणि हजारो लहान लहान फायली कोठीतून आणाव्या लागतात. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची धातूची किंवा काचेची चकती फिरत असते, नेहमीच्या संगणकात मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. वाचणारी सुई हव्या त्या जागेवर न्यायची, चकती फिरून तो भाग खाली यायची वाट पाहायची, मग वाचायचे. यात एकेका फायलीमागे दहा-बारा मिलिसेकंद जातात. ऐकायला कमी वाटते, पण त्या हिशेबाने सेकंदाला जेमतेम शंभर फेऱ्या होतात. एसएसडीत फिरणारे काहीच नाही, सगळे चिपवर. त्यामुळे तीच कोठी सेकंदाला हजारो वेळा उघडता येते.

आमची स्वयंपाकीण धडधाकट होती. ती माळ्यावरून डबे उतरवण्यात दमत होती. आणि आपण तिलाच घरी पाठवायला निघालो होतो.

रॅमचा उपयोग नाही असे मात्र समजू नये. त्याच संगणकावर ब्राउझरची दहा पाने आणि सोबत एक प्रोजेक्टची फाइल उघडली तेव्हा ४ जीबीवर तो अडकला, ८ जीबीवर नाही. ओटा लहान असला की एक पातेले उतरवल्याशिवाय दुसरे ठेवता येत नाही, तसे. दोन्ही दुखणी वेगळी आहेत आणि दुकानदार दोन्हींना एकच औषध सांगतो, एवढेच माझे म्हणणे. आणि रॅम घेताना पिढी पाहावी लागते: डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांच्या पट्टीवरची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीची दुसरीत बसत नाही. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भावही फार चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या डेटा सेंटरना मेमरी चिप प्रचंड प्रमाणात लागू लागल्या. आमची जुनी डीडीआर३ वापरलेल्या मालात मिळाली म्हणून निभावले.

हिशेब असा झाला. एका नव्या संगणकाचे कोटेशन ४१,००० रुपये. २२ घेतले तर ९,०२,०००. जुन्या २२ पैकी तिघांचे मदरबोर्ड गेले आहेत, त्यांचे सुटे भाग इतरांना लावता येतील. उरलेल्या १९ ना एसएसडी आणि रॅम, प्रत्येकी ४,००० च्या हिशेबाने, ७६,०००.

आता त्या वडिलांचे कोटेशन. दुसऱ्या दिवशी मी दुकानात फोन केला आणि प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर विचारला. उत्तर मिळाले, "मॅडम, आय७ म्हणजे आय७. टॉप." मी पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारल्यावर नंबर मिळाला: आय७-२६००.

मुलांनो, हे नीट लक्षात ठेवा, कारण यात पुष्कळ लोक फसतात. आय३, आय५, आय७ हे एकाच पिढीतले लहान-मोठे वर्ग आहेत. पिढी कळते ती डॅशनंतरच्या आकड्यावरून. २६०० म्हणजे दुसरी पिढी, हा प्रोसेसर २०११ साली बाजारात आला. १२१०० म्हणजे बारावी पिढी, २०२२ सालची. आय७-२६०० मध्ये ४ कोअर आणि ८ थ्रेड आहेत. आय३-१२१०० मध्येही तेवढेच आहेत, आणि त्यांतला प्रत्येक कोअर पुष्कळ वेगवान आहे. तेव्हा नंतरचा आय३ आधीच्या आय७ ला सहज मागे टाकतो. महूहून खंडव्याला जाणाऱ्या त्या जुन्या मीटरगेज गाडीचा फर्स्ट क्लास आणि आजच्या वंदे भारतची साधी चेअर कार, यांत लवकर कोण पोचेल? डब्यावर काय लिहिले आहे ते नंतर, आधी गाडी कोणती ते विचारावे.

जुना प्रोसेसर विकणे हा गुन्हा नाही. जुना म्हणून, जुन्याच्या भावात, सांगून विकला तर मी स्वतः घेईन. इथे तो दिव्यांच्या मागे लपवला होता. ग्राफिक्स कार्डही तसेच, २०१४ सालचे मॉडेल निघाले. "पण ४ जीबी आहे ना?" वडिलांनी विचारले. त्याचेही थोडे सांगते.

आपला नेहमीचा पडदा आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपक्यांचा असतो, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. खेळ सुरळीत दिसायचा असेल तर हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावे लागते. गुणाकार करा: १२,४४,१६,००० ठिपके दर सेकंदाला, आणि प्रत्येकाचा रंग, सावली, अंतर यांचा हिशेब. प्रोसेसर हा आमच्या गणिताच्या सरांसारखा आहे. कठीण उदाहरण द्या, ते सोडवतील. पण साडेबारा कोटी चौकोन रंगवायला सरांना बसवून उपयोग नाही. तिथे प्रार्थनेला मैदानात उभी असलेली सगळी शाळा पाहिजे, एकेक चौकोन एकेकाला वाटून दिलेला. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ती शाळा. साधी कामे करणारी शेकडो-हजारो लहान गणकयंत्रे एकाच वेळी कामाला लागतात. आणि कार्डावरचे ४ जीबी म्हणजे रंगांचा डबा केवढा आहे तो आकडा. रंगवणारी मुले किती, हे त्यावरून मुळीच कळत नाही. मुले थोडी आणि डबा मोठा, असे ते कार्ड होते.

मुलाला बोलावून घेतले. आधी मान खाली. मग वडील पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा म्हणाला, "मॅडम, व्हॅलोरंट खेळायचंय. मित्र सगळे खेळतात. माइनक्राफ्टपण. आणि जीटीए." मी म्हटले, हे वडिलांना का नाही सांगितलेस? तो म्हणाला, "खेळायचंय म्हटलं तर कोण देईल?"

मला राग यायला हवा होता, पण मला माझीच आठवण झाली. २००१ साली शाळेत पहिले पाच संगणक आले तेव्हा आम्ही मुलांना चपला बाहेर काढायला लावत होतो. एका पालकांनी कापडाची कव्हरे शिवून दिली होती. किल्ली आधी तेव्हाच्या मोठ्या सरांच्या खणात, नंतर माझ्या खणात. आठवड्यात एक तास, त्यातला निम्मा कव्हरे काढण्यात आणि घालण्यात. कोणी पत्त्यांचा खेळ उघडला तर त्याला बाहेर उभे करायची मीच. "संगणक अभ्यासासाठी आहे" हे वाक्य या मुलांना आपणच शिकवले आहे. त्या वाक्याला पैसे मिळतात, दुसऱ्या कोणत्याच वाक्याला मिळत नाहीत, हेही ती शिकली. मग तो ते बोलला तर खोटेपणा एकट्याचा कसा?

वडील आत आल्यावर मुलाने स्वतः सांगितले. पाच मिनिटे वातावरण गरम राहिले. ते शांत झाल्यावर आम्ही तिघांनी कागद घेऊन खेळ एकेक करून पाहिले, आणि गंमत निघाली. व्हॅलोरंटला फार महाग कार्ड लागतच नाही. पण विंडोज ११ वर तो खेळ टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय सुरू होत नाही, कारण फसवणूक करणारे खेळाडू पकडायची त्याची व्यवस्था ते मागते. २०११ च्या त्या मशीनमध्ये टीपीएम २.० नाही. म्हणजे "गेमिंग" म्हणून ६२,००० ला दिला जाणारा संगणक कोटेशनमधल्या विंडोज ११ सह त्या मुलाचा आवडता खेळच सुरू करू शकला नसता. माइनक्राफ्ट तर प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सवर चालतो. राहिला जीटीए. त्याच्या पाचव्या भागाला युरोपात १८ वर्षांवरील आणि अमेरिकेत १७ वर्षांवरील असे मानांकन आहे. नववीतल्या मुलासाठी तो नाही. वडिलांना वाटत होते की तो मोटारींच्या शर्यतीचा खेळ आहे. पुष्कळ पालकांना तसे वाटते. खेळाचे नाव लिहून त्याचे वयाचे मानांकन पाहायला एक मिनिट लागते, ते जरूर पाहावे.

शेवटी जे ठरले ते असे: बाराव्या पिढीचा आय३, एसएसडी, ८ जीबी रॅम आणि दुसऱ्या रॅमसाठी मोकळी जागा, ग्राफिक्स कार्ड आत्ता नाही. मॉडेलच्या शेवटी इंग्रजी 'एफ' अक्षर नको, कारण त्या प्रोसेसरमध्ये आतले ग्राफिक्स नसतात आणि कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही. दिवे नाहीत. त्याऐवजी चांगल्या प्रतीचा पॉवर सप्लाय, कारण वीज वरखाली झाली की हलका पॉवर सप्लाय स्वतः जाताना बाकीच्यांनाही घेऊन जातो. जेल रोड आणि सिल्व्हर मॉल दोन्हीकडे फिरून बाप-लेकांनी तीन ठिकाणचे भाव आणले, प्रत्येक कागदावर पूर्ण मॉडेल नंबर आणि वॉरंटीची वर्षे लिहून. कर्ज जवळजवळ निम्म्यावर आले. बिलावर मुलाने स्वतःच्या हाताने काहीतरी लिहिले होते. जवळून पाहिले तर "अभ्यास + खेळ".

खेळाविषयी आणखी एकच गोष्ट, कारण सहावीतल्या एका घरी यावरून रडारड झाली. फुकट म्हणून उतरवलेल्या खेळात पोशाख, शस्त्रे, नाणी विकली जातात, आणि आईच्या फोनवर पैसे भरायची व्यवस्था आधीच जोडलेली असते. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला ओळख पटवणे सक्तीचे करता येते. ते आजच करून ठेवावे. पैसे लावून जिंकायचे ऑनलाइन खेळ वेगळे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून त्यांच्यावर देशभर बंदी आणली. तेव्हा कोणी मुलाला असा खेळ दाखवून "थोडेसे लाव" म्हणत असेल तर ते शाळेला कळवावे, नाव गुप्त राहील.

प्रयोगशाळेचे काय ठरले ते विश्वस्त मंडळाला माहीत आहे, पण पालकांसाठी सांगते. माझा प्रस्ताव होता की १९ संगणक दुरुस्त करून १५ वर लिनक्स मिंट टाकावे. ती प्रणाली मोफत आहे, आमच्या संगणकांवर चालते आणि तिचे सुरक्षा अपडेट चालू आहेत. लिबरऑफिसमध्ये निबंध, तक्ते, सादरीकरण सगळे होते. अकरावी-बारावीला लागणारी पायथन भाषा दोन्हीकडे सारखीच चालते. उरलेल्या चारांवर विंडोज १० ठेवावे. शैक्षणिक परवाना असलेल्या संस्थांना मायक्रोसॉफ्टने तिची जादा अपडेट पहिल्या वर्षी प्रति संगणक १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर अशा दराने देऊ केली आहेत. तो परवाना घेऊन तेवढा वेळ निघतो.

विरोध झाला आणि तो पोकळ नव्हता. एका ज्येष्ठ विश्वस्तांचे म्हणणे असे की प्रवेशाच्या वेळी पालक चकचकीत लॅब पाहतात. मराठी शाळेची पटसंख्या आधीच कमी होते आहे, त्यात जुने डबे दाखवून कसे चालेल? दुसरे म्हणाले, नोकरीत विंडोज लागणार, मग मुलांना दुसरेच का शिकवायचे? दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते. मी हिंदी टाइपिंग शिकले ते खटखट वाजणाऱ्या रेमिंग्टन टाइपरायटरवर, मग संगणकावर, आता फोनवर अंगठ्याने लिहिते. यंत्र तीनदा बदलले. शिवाय केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षांपासून लिनक्सवर शिकवतात आणि तिथली मुले नोकरीत मागे पडलेली नाहीत. पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पटसंख्येची काळजी मलाही रात्री झोपू देत नाही. मी एवढेच म्हटले की वाचलेल्या आठ लाखांतून ग्रंथालयाचे गळणारे छप्पर आधी करू, आलेल्या पालकांना तेही दिसेल. मंडळाने सहा महिन्यांची मुदत दिली आहे. त्यानंतर मुलांनी आणि शिक्षकांनी लेखी मत द्यायचे आणि मग पुढचे ठरेल.

भंगारात देण्याआधी आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या नाहीतर मोठी चूक झाली असती. पहिली, कार्यालयातल्या जुन्या संगणकावर मुलांची नावे, जन्मतारखा, आधार आणि समग्र आयडी पडलेले होते. फाइल डिलीट केली म्हणजे डिस्कवरून पुसली जात नाही. फक्त यादीतून नाव कमी होते, माल कोठीत तसाच राहतो. म्हणून काढलेली प्रत्येक हार्ड डिस्क शिक्षकांसमोर पूर्ण पुसून, न पुसता येणारी भोक पाडून मगच बाहेर जाईल. घरचा संगणक विकतानाही हे करावे.

दुसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची आहे. या वार्तापत्राचे जुने अंक कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. त्या पद्धतीत संगणकाला मराठी अक्षर माहीतच नसते. कळफलकावरची इंग्रजी 'जे', 'के', 'ई' ही अक्षरे साठवली जातात आणि फॉन्ट त्यांना 'राम' असे दाखवतो. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की उरतात फक्त ती तीन इंग्रजी अक्षरे. जुना संगणक गेला असता तर त्याच्यासोबत पंधरा-सोळा वर्षांचे अंक, गॅदरिंगचे वृत्तांत आणि आज हयात नसलेल्या कित्येक गुरुजनांचे लेख न वाचता येण्यासारखे झाले असते. आता नववीच्या चार मुली ते अंक एकेक करून युनिकोडमध्ये बदलत आहेत. बदलताना 'ळ' आणि जोडाक्षरे चुकतात, म्हणून जुन्या अंकांचे वाचन करून देणारे मराठीचे जाणकार हवे आहेत. निवृत्त मंडळींनी कार्यालयात नाव द्यावे.

पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी दुपारी ३ ते ५ प्रयोगशाळा पालकांसाठी उघडी राहील. घरचा संगणक हळू झाला असेल तर घेऊन यावा. फक्त सीपीयू आणि पॉवरची वायर आणली तरी चालेल, मॉनिटर आणि की-बोर्ड शाळेचा वापरू. नवा घ्यायचा असेल तर कोटेशन आणावे, पूर्ण मॉडेल नंबरासह. पेचकस त्या नववीतल्या मुलाच्या हातात असेल, त्याने स्वतः मागून घेतले आहे. चपला बाहेर काढायची गरज नाही.

आपली,
प्राचार्या